बांधण्यापुरतं गोड

सांगलीत घरच्या घरी फळांचे आणि दाण्याबियांचे बार करून विकायला लागल्याला आता बरीच वर्षं झाली. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, यात साखर नाही ना?" साखर नाही, गूळ नाही, मधही नाही, असं मी सांगते आणि ते खरं असतं. पण तिथेच थांबत नाही. खजूर आहे, बेदाणे आहेत, अंजीर आहे, आणि या तिन्हींमध्ये स्वतःची साखर भरपूर असते, हेही लगेच सांगते. काहींना हे ऐकून वाईट वाटतं. त्यांना पौष्टिक आणि अजिबात गोड नसलेलं, असं काहीतरी हवं असतं. मग मी त्यांना बार मोडून आतून दाखवते. त्यात दाणे, बिया आणि लाह्या एकमेकांना धरून बसलेल्या असतात, आणि त्यांना धरून ठेवणारा पातळसा थर फळाचा असतो. माझ्या बारमध्ये गोडाला नेमून दिलेलं काम एवढंच आहे. कमीत कमी किती गोडावर बार बांधला जातो, याचा शोध मी इतकी वर्षं घेत आले.

दाणे आणि बिया बांधायच्या दोन रीती आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत. पहिली चिक्कीची. गुळाचा पाक करायचा, वाटीभर पाण्यात थेंब टाकून तो टणक होतो का बघायचं, दाणे ओतायचे आणि गरम असतानाच लाटायचं. पाक थंड झाला की कडक होतो आणि दाण्यांना जागचं हलू देत नाही. चिक्की मला मनापासून आवडते, पण तिच्यात जवळजवळ निम्मा गूळच असतो. त्याहून कमी केला तर ती धरत नाही. दुसरी रीत लाडवाची. शेंगदाण्याचा लाडू करताना कूट आणि गूळ एकत्र कुटले की दाण्याचं तेल सुटतं आणि मुठीच्या दाबाने लाडू वळला जातो. डिंकाच्या लाडवात हेच काम तूप आणि खारकेची पूड करते. इथे पाकाचा धाक नाही. चिकटपणा, तेल आणि दाब या तिघांवर सगळं चालतं. माझे बार या दुसऱ्या रीतीचे आहेत. भाच्याच्या ट्रेकिंगच्या गटाला गडावर न्यायला काहीतरी हवं होतं आणि त्याने विचारलं, "मावशी, लाडू पिशवीत फुटतात, चपटं काही करता येईल का?" तिथून हे काम सुरू झालं.

चपटं करायचं म्हणजे लाडू थापून वड्या पाडायच्या, असं वाटतं खरं. पण लाडू आपण दोन-चार घासांत संपवतो, बार मात्र खिशात, डब्यात, गाडीच्या डिकीत दिवसभर फिरतो. तो वाकला तरी तुटायला नको, उन्हात चिघळायला नको आणि आठवड्याने खाल्ला तरी दाणा दाताखाली वाजायला हवा. या तिन्ही अपेक्षा पुऱ्या करायच्या तर प्रत्येक जिन्नस ओळखीचा करून घ्यावा लागतो.

सुरुवात खजुरापासून. आपल्या बाजारातला मऊ खजूर बहुतेक आखातातल्या देशांतून आणि इराणमधून येतो. खजूर भारतात होत नाही असं नाही. कच्छमध्ये त्याच्या मोठ्या बागा आहेत. पण तिथे फळ पुरतं पिकून सुकायच्या आतच पाऊस येतो, म्हणून ते पिवळं-लाल आणि करकरीत असतानाच उतरवतात. ती ताजी खारीक खायला सुरेख लागते, पण बांधायच्या कामाची नाही. बांधायला लागतो तो झाडावरच मऊ झालेला काळसर खजूर, आणि त्यातही फरक असतो. खोक्यात मिळणारा अगदी लुसलुशीत, रसाळ खजूर नुसता खायला उत्तम. पण त्यात पाणी जास्त असतं, त्यामुळे त्याचा बार दोन दिवसांत ओलसर होतो. मी जरा सुरकुतलेला, बोटांनी दाबल्यावर हळूहळू दबणारा खजूर घेते. पाकिटावर 'बिनबियांचा' लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर फाडून बघितला जातो. मशिनीतून एखादी बी किंवा बीचा तुकडा सुटतोच, आणि एखाद्याचा दात त्यावर पडला तर बाकीच्या सगळ्या कष्टांना अर्थ उरत नाही.

बेदाण्यासाठी मला कुठे लांब जावं लागत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या शेड दिसतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा नैसर्गिक थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने तो थर सैल होतो आणि सावलीत जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं दोन-तीन आठवड्यांत वाळतात. पिवळाधमक रंग टिकवण्यासाठी पुष्कळदा गंधकाची धुरी देतात. बाजार रंगाकडे बघतो आणि त्याप्रमाणे भाव ठरतो. मला रंगाचं काही नाही, कारण बारमध्ये तो दिसतही नाही. ओळखीच्या शेडवरून मी धुरी न दिलेला, तपकिरीकडे झुकणारा बेदाणा घेते. तो स्वस्त पडतो आणि गंधकाने ज्यांचा दमा उसळतो त्यांनाही चालतो. घरी आणला की धुऊन, फडक्यावर पसरून, पंख्याखाली पूर्ण कोरडा करून घेते. धुतलेल्या बेदाण्याचं ओलं अंग हे बारला बुरशी यायचं सगळ्यात सोपं निमित्त असतं.

अंजिराचा मान थोडा वेगळा. पुरंदरची अंजिरं आपली, पण ती ताजी खायची. सुकं, दोऱ्यात ओवलेलं अंजीर अफगाणिस्तानातून येतं. आतल्या बारीक बियांमुळे बारला जो कुरकुरीतपणा येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. पण प्रत्येक अंजीर उघडून उजेडात धरल्याशिवाय ते माझ्या पाट्यावर येत नाही. कीड बाहेरून कळत नाही.

आणि शेंगदाणे. माझ्या बारमध्ये दाण्याबियांत सगळ्यात जास्त शेंगदाणा असतो आणि तो मी अभिमानाने घालते. बदामात १०० ग्रॅममागे साधारण २१ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास. किंमत मात्र बदामाच्या कितीतरी खाली. महागडं ते पौष्टिक, हा समज या धंद्यात फार खोलवर रुजलेला आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशाला जड जातो. शेंगदाण्याचं एकच मोठं पथ्य आहे: निवडणं. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा डाग असलेला, साल फाटून आत रंग बदललेला दाणा बाजूला काढायचाच. अशा दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण नाहीसं होत नाही. त्यामुळे खवट दाणा कुटात घालून वर वेलदोडा टाकून वास झाकणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघीजणींचे हात आणि डोळे यात इतके तयार झाले आहेत, की बोलता बोलता सुपातला एक दाणा उचलून फेकतात आणि मी बघते तेव्हा त्याला खरोखरच डाग असतो.

भाजण्याची घाई करायची नाही. शेंगदाणे, बदाम, भोपळ्याच्या बिया, तीळ, प्रत्येकाचा वेळ वेगळा, म्हणून सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर. मोठ्या आचेवर बाहेरून रंग येतो, आत ओल राहते. या ओलीमुळेच पुढचा सगळा प्रश्न उभा राहतो. फळ ओलं आणि दाणा कोरडा, असे दोघे एका बारमध्ये शेजारी बसवले की फळातलं पाणी हळूहळू दाण्याकडे सरकतं. दोघांची ओल सारखी होईपर्यंत ते थांबत नाही. मग दाणा मऊ पडतो, लाही चिवट होते आणि फळ कडक. अन्न टिकेल की नाही हे त्यात एकूण पाणी किती यापेक्षा मोकळं पाणी किती, यावर ठरतं. साखरेने बांधून ठेवलेलं पाणी बुरशीच्या कामी येत नाही, मोकळं पाणी येतं. म्हणून खजुराचा लगदा करताना त्यात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मिक्सर फिरत नाही म्हणून दोन चमचे पाणी घालायचा मोह सगळ्यांना होतो. तेवढ्याने बारचं आयुष्य निम्म्यावर येतं.

त्याऐवजी मी कढईत चमचाभर तूप गरम करून बारीक चिरलेला खजूर आणि अंजीर मंद आचेवर परतते आणि उलथन्याने दाबत राहते. खजूर आधी पसरतो, मग एकजीव होतो आणि शेवटी पुरणासारखा गोळा होऊन कढईच्या कडा सोडतो. या टप्प्यावर "वैनी, आता सोडली बघा कढई" अशी हाक येते, तेव्हा मी स्वतः बोट लावून बघते. बोटाला ताण जाणवला पाहिजे, पण लगदा बोटावर राहता कामा नये.

आता कळीची गोष्ट. पहिल्या काळात माझ्या बारमध्ये निम्म्याहून जास्त खजूर असायचा. छान बांधला जायचा, पण खाणाऱ्याला शेवटी फक्त खजूरच आठवायचा. मग मी लाडवाकडे परत वळले. शेंगदाण्याचं कूट मिक्सरमध्ये थोडं जास्त फिरवलं की त्याचं तेल सुटतं आणि ते ओलसर, चिकट होतं. हे कूट खजुरात मिसळलं तर बांधायचं काम दोघांत वाटलं जातं. शिवाय त्या तेलाचा पातळ थर लाह्यांवर आणि बियांवर बसतो आणि फळातली ओल त्यांच्याकडे सहज जाऊ देत नाही. म्हणजे खजूर कमी, प्रथिनं जास्त आणि कुरकुरीतपणा जास्त दिवस, असे तिन्ही फायदे एकाच बदलातून मिळाले.

एक किलोचं माझं आजचं प्रमाण असं आहे: खजूर ३०० ग्रॅम, बेदाणे १००, अंजीर ५०, शेंगदाणे २५० (निम्मे भरड, निम्म्यांचं तेल सुटलेलं कूट), काप केलेले बदाम १२०, भोपळ्याच्या बिया ६०, तीळ ६०, राजगिऱ्याच्या लाह्या ५० आणि तूप १० ग्रॅम. चिमूटभर मीठ आणि वाळवलेल्या आमसुलाची अर्धा चमचा पूड. ही आमसुलाची पूड मला फार मोलाची वाटते. किंचित आंबट लागलं की जिभेला तेवढंच गोड पुरतं, आणि खाणारा दुसरा बार मागत नाही, एकावर समाधानी होतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. गरम लगद्यात आधी कूट, मग बेदाणे, बदाम, बिया, आणि लाह्या सगळ्यात शेवटी. परातीला तुपाचा हात लावून मिश्रण ओतायचं, वर बटर पेपर घालून आधी तळव्याने आणि मग वाटीच्या बुडाने सर्व बाजूंनी सारखं दाबायचं. हा दाब मनासारखा झाला नाही तर कितीही खजूर घाला, बार कडेने सुटतो. खजूर वाढवण्याआधी हात वाढवावा, असं मी नव्या शिकणारीला सांगते. दाबलेली परात फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवली की तूप आणि लगदा घट्ट होतात आणि धारदार सुरीने सरळ काप पडतात. प्रत्येक बार वजनकाट्यावर ३० ग्रॅमचा, आणि लगेच कागदात.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं. कृष्णाकाठची हवा जुलै-ऑगस्टमध्ये इतकी दमट असते, की उघडी ठेवलेली लाही तासाभरात नरम पडते. त्या दिवसांत दाणे जरा जास्त वेळ भाजते, एका वेळी थोडाच माल करते आणि बार फ्रिजमध्येच ठेवायला सांगते. अक्रोड आणि जवस मी कायमच्या बारमध्ये घालत नाही. दोन्ही गुणी आहेत, पण त्यांतली तेलं हवेने लवकर खवट होतात, आणि दळलेलं जवस तर त्याहून लवकर. ज्यांना हवं असेल त्यांनी घरी ताजं करून आठवड्यात संपवावं.

आता हिशेब. वरच्या प्रमाणाने ३० ग्रॅमच्या एका बारमध्ये साधारण १३० कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं आणि ९ ग्रॅमच्या आसपास साखर येते. ही साखर सगळी फळांची आणि दाण्यांची आहे, वरून घातलेली नाही, पण आहे. साखरेचे दोन चमचे म्हणजे जवळपास तेवढीच होते. हा आकडा मी लेबलवर छापते. माझ्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, शाकाहारी खूण, जिन्नसांची यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे आणि शेंगदाणे, बदाम, तूप यांची ॲलर्जीची सूचना त्यावर आहे. एक ओळ मात्र मी आजवर छापली नाही: 'साखर न घातलेला'. ती छापली असती तर खप नक्की वाढला असता. पण अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या मार्गदर्शक सूचनांत या दाव्याच्या अटी स्पष्ट आहेत. साखर, मध किंवा पाक नसणं एवढंच पुरेसं नाही. साखरेच्या जागी त्याच कामासाठी सुक्या फळांचा लगदा वापरला असेल तरी हा दावा करू नये, असं त्या सांगतात. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. कढईसमोर उभं राहून मला जे कळत होतं, तेच तिथे नियम म्हणून लिहिलेलं होतं.

यातूनच दुसरी एक जबाबदारी येते. मधुमेह असलेले लोक माझ्याकडे फार आशेने येतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, की खजूर चालतो, तो नैसर्गिक असतो. मी त्यांना आकडा दाखवते आणि सांगते, की काका, तुमच्या डॉक्टरांना हे लेबल दाखवा, ते म्हणतील तेवढाच खा, त्यांनी नको म्हटलं तर भाजलेले शेंगदाणे आणि बिया नुसत्या खा. काही जण न घेता जातात. काही जण महिन्याभराने परत येतात, घरातल्या मुलांसाठी घेऊन जातात. मुलांच्या बाबतीतही दोन गोष्टी सांगते. अगदी लहान मुलाला अख्ख्या दाण्याचा बार देऊ नये, घशात अडकायची भीती असते. आणि चिकट गोड दातांवर बसून राहतं, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायची सवय लावावी.

व्यवहाराच्या अंगाने बघितलं तर या सगळ्या अटी तोट्याच्या वाटतात. खजूर जास्त घातला तर वजन स्वस्तात वाढतं. ग्लुकोजचा पाक घातला तर बार महिनोन्महिने मऊ राहतो आणि दाबायचे कष्ट वाचतात. मोठा बार केला तर भाव जास्त लावता येतो. शेजारच्या गावातल्या एका दुकानदाराने मला हे तिन्ही सल्ले दिले, आणि त्यांत त्याचा हेतू वाईट नव्हता. मी मात्र ३० ग्रॅमवर ठाम राहिले, कारण दुपारी चार वाजता भूक लागलेल्या माणसाला तेवढंच पुरतं. शेतात द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या बायका, तालमीतली पोरं, परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणारी मुलं, एसटीने रोज कोल्हापूरला नोकरीला जाणारे, हे माझे नेहमीचे लोक. त्यांना मिठाई नको असते, पुढच्या दोन तासांचं बळ हवं असतं. ते बळ दाण्यांतून आणि बियांतून येतं, आणि त्यांना एकत्र ठेवण्यापुरतं फळ येतं.

ज्यांना घरी करायचं आहे त्यांनी जरूर करावं, मला कुणाशी स्पर्धा वाटत नाही. माझ्या प्रमाणापासून सुरुवात करा आणि पुढच्या खेपेला खजूर थोडा कमी करा. कूट जरा जास्त फिरवा, जास्त जोराने दाबा आणि बघा, बार धरतो का. धरला तर त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडा कमी करा. एका टप्प्यावर तो कडेने सुटायला लागेल. त्याच्या जरा अलीकडे थांबा. तुमच्या घरच्या दाण्यांना, तुमच्या गावच्या हवेला आणि तुमच्या हाताच्या दाबाला जेवढं गोड लागतं, तेवढं ते. त्याहून जास्त घातलेलं सगळं फक्त जिभेसाठी असतं, आणि ते घालायचं की नाही हे तरी मग आपण समजून-उमजून ठरवतो.